थीम पार्कचं ताशी गणित

कोरोनाच्या महामारीमुळे बंद झालेलं शांघायचं डिस्नीलँड 11 मे 2020 रोजी साडेतीन महिन्यांनी पुन्हा उघडलं, तेव्हा जगभरच्या थीम पार्कवाल्यांचं लक्ष एका आकड्याकडे होतं. या पार्कात एरवी दिवसाला 80,000 माणसं मावतात. सरकारने घातलेली मर्यादा 30 टक्क्यांची, म्हणजे 24,000 माणसांची होती आणि सुरुवात त्याहूनही कमी माणसांनी करू, असं डिस्नीने जाहीर केलं होतं. एवढा मोठा पार्क आणि मोजकी माणसं, म्हणजे वाटेल त्या राइडवर जाऊन थेट बसायचं, असं कुणालाही वाटेल. पण थीम पार्कचा हिशेब तसा चालत नाही.

नव्या राइडची उंची, वेग आणि उलटसुलट गिरक्या जाहिरातीत झळकतात. नियोजन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न मात्र रुक्ष असतो: तासाला किती माणसं? समजा, रोलर कोस्टरच्या एका गाडीत 24 जण बसतात आणि दर 60 सेकंदांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला 1,440 माणसं. आता महामारीचे नियम लावू. एक ओळ सोडून एक ओळ भरायची, म्हणजे गाडीत 12 जण. मधूनमधून सीट पुसायच्या, अनोळखी कुटुंबं एकमेकांच्या शेजारी येणार नाहीत हे पाहायचं, त्यामुळे गाडी 60 ऐवजी 90 सेकंदांनी सुटणार. तासाला उरली 480 माणसं. पार्कात माणसं पूर्वीच्या पंचवीस ते तीस टक्के, आणि राइडची क्षमताही घसरून तेहेतीस टक्क्यांवर. थांबायचा वेळ थोडासाच घटला.

रांगेची गंमत याहून मोठी आहे. रांगेतली माणसं म्हणजे तासाला पुढे सरकणारी माणसं गुणिले प्रत्येकाने रांगेत घालवलेले तास, हे साधंसं सूत्र जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने 1961 मध्ये सिद्ध केलं. बँकेतल्या काउंटरपासून इंटरनेटच्या सर्व्हरपर्यंत ते सगळीकडे लागू पडतं. आता 300 मीटर लांबीची एक रांग घ्या. एरवी तिच्यात दाटीवाटीने 800 माणसं मावतात असं धरलं, तर ताशी 1,440 च्या वेगाने शेवटच्या माणसाचा नंबर 33 मिनिटांत लागतो. तीनतीन जणांचे गट दोन-दोन मीटर अंतराने उभे केले, तर त्याच जागेत जेमतेम 300 माणसं राहतात. ताशी 480 ने ती संपायला 37 मिनिटं लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला रांग तेवढीच लांब दिसते, थांबावंही जवळपास तेवढंच लागतं, फक्त आतली माणसं निम्म्याहूनही कमी झालेली असतात.

त्यात नागमोडी रांगांची वेगळीच अडचण. रेलिंग लावून वळवलेल्या या रांगांमध्ये पुढच्या-मागच्या माणसांत अंतर ठेवता येतं, पण शेजारच्या पट्टीतला, उलट दिशेने जाणारा माणूस हातभर अंतरावरच असतो. त्यासाठी एकतर एकाआड एक पट्टी बंद करायची, म्हणजे रांग बाहेर रस्त्यावर येणार, नाहीतर पट्ट्यांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती उभ्या करायच्या. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने अनेक राइड्सवर दुसरा मार्ग पत्करला. अशा भिंती शिंतोडे अडवतात, पण हवेत तरंगणारे बारीक कण त्यांना वळसा घालून जातात. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग रांगेची लांबी आटोक्यात ठेवण्यापुरताच होता.

मग रांगच नको, फोनवर नंबर द्या, असं सुचणं साहजिक आहे. डिसेंबर 2019 मध्ये, म्हणजे महामारीच्या आधीच, डिस्नीने एका नव्या राइडसाठी हा प्रकार सुरू केला होता. पुढे युनिव्हर्सलनेही काही राइड्सना तो लावला. पण फोनवरच्या रांगेने राइडची क्षमता एका माणसानेही वाढत नाही. रांग ही गर्दी साठवून ठेवायची जागाही असते, हे आपण विसरतो. तिथून सुटलेली माणसं दुकानांत, उपाहारगृहांत आणि रस्त्यांवर येतात. त्याच वेळी मिरवणुका आणि आतषबाजी बंद ठेवावी लागली होती, कारण त्या ठरलेल्या वेळी हजारोंना एका जागी खेचतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने त्यावर छान तोड काढली: वेळ जाहीर न करता छोटे छोटे चित्ररथ दिवसभर अधूनमधून फिरवायचे. वेळच माहीत नाही म्हटल्यावर कोण कुठे जमणार?

हे झालं माणसांचं. यंत्रांना बंद राहणं माणसांइतकंच जड जातं. कॅलिफोर्नियाचं डिस्नीलँड 14 मार्च 2020 ला बंद झालं आणि 30 एप्रिल 2021 ला उघडलं. कोस्टरची चाकं धातूची असली तरी त्यांच्यावर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचा थर असतो. गाडी एकाच जागी उभी राहिली, तर वजनाने तो थर एका बाजूला चपटा होतो आणि मग चालताना गाडी धडधडते. बेअरिंगमधलं वंगण एका जागी बसतं. पाण्याच्या राइड्स, कारंजी आणि नळांमधलं पाणी साचून राहिलं की लिजिओनेला हा न्यूमोनियाला कारण ठरणारा जिवाणू वाढू शकतो. म्हणून पार्क बंद असतानाही राइड्स अधूनमधून रिकाम्या फिरवाव्या लागतात, पाणी वाहतं ठेवावं लागतं.

उघडण्यापूर्वी रूळ आणि जोड तपासले जातात. जिथे डोळ्यांना तडा दिसत नाही, तिथे ध्वनिलहरी किंवा चुंबकीय कणांनी शोध घेतात. मग गाडीत पाण्याने भरलेले, माणसाच्या वजनाचे पुतळे बसवून फेऱ्या होतात. कोस्टरचा रूळ टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी थांबते. टप्प्याच्या शेवटचे ब्रेक मुळात आवळलेलेच असतात, ते उघडायला ताकद लागते. वीज गेली तरी गाडी थांबणार, मोकाट सुटणार नाही. ही यंत्रणा प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम अडथळा आणून तपासून पाहतात.

निम्म्या भरलेल्या गाडीत भौतिकशास्त्राचाही एक पेच आहे. उतारावर हलक्या-जड वस्तू सारख्याच वेगाने घसरतात हे खरं, पण ते हवा नसेल तर. हवेचा अडथळा गाडीच्या आकारावर ठरतो, वजनावर नाही. म्हणून गाडी हलकी असेल तर तोच अडथळा तिला जास्त मंदावतो. थंडीच्या सकाळी वंगणही घट्ट असतं, त्यात समोरून वारा असेल, तर हलकी गाडी पुढच्या चढावर पोचण्याआधी दमून दोन चढांमधल्या खळग्यात अडकू शकते. म्हणून माणसं बसवण्यापूर्वी रिकामी गाडी फिरवून वेळ मोजतात.

आणि हे सगळं एकदाच करून भागेल याची खात्री नव्हती. हाँगकाँगचं डिस्नीलँड जानेवारी 2020 मध्ये बंद झालं, जूनमध्ये उघडलं, जुलैत पुन्हा बंद, सप्टेंबरमध्ये सुरू, डिसेंबरमध्ये पुन्हा बंद आणि फेब्रुवारी 2021 मध्ये परत सुरू.

किंचाळण्याबद्दल बोलायलाच हवं. जपानमधल्या पार्क संघटनांच्या नियमावलीत कोस्टरवर ओरडू नका, असं सांगितलं होतं. त्यावर फुजी-क्यू हायलँड या पार्कने 2020 च्या उन्हाळ्यात एक चित्रफीत काढली. 79 मीटर उंचीच्या फुजियामा कोस्टरवर दोन अधिकारी मास्क लावून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता संपूर्ण फेरी मारतात आणि शेवटी पाटी येते: किंचाळायचं ते मनातल्या मनात. जगभर लोक हसले. नियमामागचा तर्क चुकीचा नव्हता. आवाज जितका मोठा, तितके तोंडातून बारीक कण जास्त बाहेर पडतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. तरी ताशी 130 किलोमीटरच्या वाऱ्यात, उघड्यावर, दोन-चार मिनिटांत ते कण विखरून जातात. खरी काळजी बंदिस्त इमारतीतल्या रांगेची करायला हवी होती, जिथे माणूस अर्धा-पाऊण तास तीच हवा आत घेतो. सीट पुसण्याचंही तेच. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारणपणे 10,000 मध्ये एकाहून कमी आहे. तोवर पुसण्यात किती गाड्यांचा खोळंबा झाला असेल, कोण जाणे.

आता नव्या राइड्स. हॅरिसन प्राइस या अर्थतज्ज्ञाने 1953 मध्ये वॉल्ट डिस्नीसाठी पहिल्या डिस्नीलँडच्या जागेचा अभ्यास केला आणि कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमची निवड झाली. तेव्हापासून या धंद्यात आधी आकडे आणि मग आराखडे, ही रीत पडली. वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसासाठी पार्क बांधला, तर इतर दिवशी पैसा पडून राहतो. सरासरी दिवसासाठी बांधला, तर सुट्ट्यांमध्ये चेंगराचेंगरी. म्हणून दोहोंच्या मधला, बऱ्यापैकी गर्दीचा एक दिवस नियोजनासाठी धरतात. त्या दिवशी एका वेळी 20,000 माणसं आत असतील आणि प्रत्येकाला तासाला दीड करमणूक द्यायची असेल, तर सगळ्या राइड्स आणि खेळ मिळून ताशी 30,000 ची क्षमता हवी. नवी राइड या बेरजेतली उणीव भरायला येते. कल्पनेपासून उद्घाटनापर्यंत तिला सहज चार-पाच वर्षं लागतात.

त्यामुळे मार्च 2020 मध्ये टाळं लागलं, तेव्हा वेगवेगळ्या टप्प्यांवरची कामं अडकली. इथे नियम सोपा होता: जिथे पोलाद उभं राहिलंय तिथे काम पुढे न्यायचं, जिथे माती उकरणं चालू आहे तिथे थांबायचं. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये व्हेलोसीकोस्टरचा रूळ उंच उंच चढत होता; त्याचं काम चालू राहिलं आणि 10 जून 2021 ला तो सुरूही झाला. तिथलाच एपिक युनिव्हर्स हा अख्खा नवा पार्क ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर झाला होता. तो 2020 मध्ये थांबवला, मार्च 2021 मध्ये पुन्हा हाती घेतला आणि 22 मे 2025 ला उघडला. डिस्नीने वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एप्कॉट या पार्कातल्या स्पेसशिप अर्थ या राइडचं जाहीर केलेलं नूतनीकरण मात्र कागदावरच राहिलं. वेळ आली की आधी कात्री लागते ती जुन्याला नवं करण्याच्या खर्चाला, कारण त्याने ताशी क्षमतेत भर पडत नाही.

युनिव्हर्सलच्या जपानमधल्या ओसाकाच्या पार्कातलं सुपर निंटेंडो वर्ल्ड, म्हणजे निंटेंडोच्या व्हिडिओ गेम्सवर बेतलेला विभाग, 2020 च्या ऑलिंपिकच्या गर्दीवर डोळा ठेवून बांधलं होतं. ऑलिंपिक पुढे गेलं, आणि हे 18 मार्च 2021 ला उघडलं तेव्हा परदेशी पर्यटकांना जपानची दारं बंदच होती. तरी आत शिरायला अनेकदा वेळ ठरवून दिलेली चिठ्ठी घ्यावी लागायची.