खोपोली ते आरे: मुंबईकडे येणाऱ्या लाइनींची पार्श्वभूमी

मुंबईच्या विजेचा मोठा भाग 1915 पासून शहराबाहेरून येतो. त्याआधी ट्राम आणि दिवे शहरातल्याच वीजघरांवर चालत. टाटांनी खोपोलीला जलविद्युत केंद्र उभारलं आणि परळच्या रिसीव्हिंग स्टेशनपर्यंत (शहरातल्या वीज उतरवून घेणाऱ्या केंद्रापर्यंत) सुमारे 70 किलोमीटरची लाइन टाकली, तीही थेट 100 केव्हीची, म्हणजे एक लाख व्होल्ट दाबाची. त्या काळासाठी ही धाडसी निवड होती.

एवढा दाब कशासाठी, ते हिशेबातून कळतं. समजा, एका सर्किटवरून 40 मेगावॉट न्यायचे आहेत आणि पॉवर फॅक्टर 1 आहे, म्हणजे सगळा करंट कामाचा. 100 केव्हीला फेजमागे (तीनपैकी प्रत्येक तारेतून) 231 अँपिअर लागतात. तारेचा रोध किलोमीटरला 0.15 ओहम धरला, तर 70 किलोमीटरला 10.5 ओहम होतो आणि तिन्ही फेज मिळून सुमारे 1.7 मेगावॉट तारेत जातात. हीच वीज 22 केव्हीवर नेली तर करंट 1,050 अँपिअर आणि तूट जवळजवळ 35 मेगावॉट. म्हणजे टर्बाइन फिरवायचं ते तारा तापवायला!

तार टॉवरपासून अलग ठेवतो तो इन्सुलेटर. खुंटीवर उभ्या बसवलेल्या पिन इन्सुलेटरची मजल 60 केव्हीच्या आसपास संपते. 1907 मध्ये अमेरिकेत ह्यूलेट आणि बक यांनी इन्सुलेटर डिस्कची लटकती माळ आणली, म्हणून 100 केव्हीचा विचार तरी करता आला. दाब वाढला की माळेत डिस्क वाढवायच्या, इतकं ते सोपं.

मुंबईत मात्र दाबाइतकाच मिठाचाही विचार करावा लागतो. खाडीलगतच्या टॉवरवर खारा वारा आणि धूळ मिळून डिस्कवर पापुद्रा बसतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. धो-धो पावसात तर धुऊनच निघतो. घोटाळा होतो तो हिवाळ्यातल्या पहाटे, दव पडल्यावर: मीठ विरघळतं, पृष्ठभागावरून गळती करंट वाहतो, ठिणग्यांचे पट्टे जोडले जातात आणि फ्लॅशओव्हर होऊन, म्हणजे ठिणगी थेट टॉवरपर्यंत पोचून, लाइन ट्रिप होते (आपोआप बंद पडते). म्हणून अतिप्रदूषित भागासाठी क्रीपेज अंतर (तारेपासून टॉवरपर्यंत इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेली वाट) केव्हीमागे 31 मिलिमीटर धरतात. 220 केव्हीच्या लाइनीला कमाल 245 केव्हीवर मोजायचं, म्हणजे सुमारे 7.6 मीटर. सिलिकॉन रबरचे कॉम्पोझिट इन्सुलेटर अशा ठिकाणी उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावर पाण्याचा सलग थर बसत नाही.

अंतरं वाढली तसा रोध मागे पडला आणि इंडक्टन्स (तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम) पुढे आला. 1960 च्या दशकात कोयनेची वीज आली ती 220 केव्हीवर. अशा सिंगल-कंडक्टर लाइनीचा रिअॅक्टन्स (इंडक्टन्समुळे होणारा अडथळा) किलोमीटरला साधारण 0.4 ओहम असतो आणि सर्ज इम्पीडन्सनुसार तिचा नैसर्गिक भार, म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स (तारेत विद्युतभार साठण्याचा गुण) एकमेकांना तोलतात तो भार, 125 ते 130 मेगावॉट. लांब लाइनीवर याहून फार जास्त भार टाकला तर तार तापण्याआधीच दाब कोसळतो. फेजमागे दोन कंडक्टर असलेल्या 400 केव्ही लाइनीचा हाच आकडा 500 मेगावॉटच्या पुढे जातो. जुळे कंडक्टर फक्त कोरोना (तारेभोवतीच्या हवेत होणारी विजेची गळती) टाळण्यासाठी नसतात.

याउलट दुखणं कपॅसिटन्सचं. ते रात्री, भार उतरला की जाणवतं. लाइन जवळजवळ रिकामी असली की पलीकडच्या टोकाला दाब चढतो; यालाच फेरँटी परिणाम म्हणतात. खोपोली-परळच्या 70 किलोमीटरवर तो अर्धा टक्कासुद्धा नाही. पण 750 किलोमीटरची एसी (दिशा बदलत राहणाऱ्या करंटची) लाइन मध्ये सबस्टेशन किंवा रिअॅक्टर (दाब उतरवणारी गुंडाळी) न ठेवता टाकली, तर दाब सुमारे 40 टक्के चढेल. चंद्रपूर-पडघे हे अंतर नेमकं तेवढं. तिथे 1999 मध्ये ±500 केव्हीची 1,500 मेगावॉटची डीसी लाइन आली; डीसीत करंट एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे हा परिणाम होत नाही.

शहरात शिरल्यावर टॉवरला जागा नाही, म्हणून केबल. हा फरक बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो: 220 केव्हीची ओव्हरहेड लाइन किलोमीटरला सुमारे 0.14 एमव्हीएआर (कपॅसिटन्समुळे नुसती ये-जा करणारी, काम न करणारी पॉवर) देते, तर तेवढ्याच दाबाची एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनची) केबल साधारण 3, म्हणजे वीस पट. केबल चार्ज करण्यातच जाणारा हा चार्जिंग करंट किलोमीटरला 8 अँपिअर. 50 किलोमीटरला 400 अँपिअर झाले, ग्राहकाला एक युनिटही न देता. हा करंट भाराच्या करंटशी काटकोनात (पाव आवर्तन पुढे) असतो, त्यामुळे सरळ वजाबाकी होत नाही, पण केबल तापवतोच. शिवाय वाढलेला दाब खाली आणायला शंट रिअॅक्टर लागतात.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी पडघे-कळवा भागातल्या 400 केव्ही लाइनी बंद पडल्या, आयलँडिंग (बाहेरच्या ग्रिडपासून तोडून शहराची वीज स्वतंत्र चालू ठेवणं) टिकलं नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. शहरात वीज आत आणणारे मार्ग किती मोजके आहेत, ते सगळ्यांना दिसलं. खारघर-विक्रोळी 400 केव्ही लाइन 2023 मध्ये सुरू झाली. पालघर जिल्ह्यातलं कुडूस ते मुंबईतलं आरे हा ±320 केव्ही, 1,000 मेगावॉटचा दुवा मात्र डीसीचा आखला, कारण सुमारे 80 किलोमीटरपैकी 50 किलोमीटर जमिनीखालून आहेत. डीसी केबल एकदा चार्ज झाली की चार्जिंग करंट थांबतो. शिवाय त्यातले व्हीएससी कन्व्हर्टर (एसी-डीसी बदल करणारी नव्या पद्धतीची यंत्रं) मृत, म्हणजे वीज गेलेल्या, ग्रिडलाही स्वतःहून दाब देऊ शकतात. चंद्रपूर-पडघेच्या जुन्या थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) पद्धतीला त्यासाठी पलीकडे जिवंत ग्रिड लागतं.