स्मरण, माजी धर्मगुरूचे (सोलापूर)

गुरुपदाच्या कर्तव्यांतून मुक्त होऊन पुढचे आयुष्य लोकसेवेत घालवलेल्या कॅथलिक धर्मगुरूची मृत्यूनंतर जागवली जाणारी आठवण. तिच्यात मिस्सा (कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना) आणि कबरीवरची प्रार्थना येते, तशी लोकांनी आपापल्या रीतीने पाळलेली पुण्यतिथीही येते.

‘माजी’ हा शब्द रूढ असला, तरी धर्मशास्त्राच्या दृष्टीने अपुरा आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेतील, म्हणजे कायदेसंग्रहातील, कलम २९० प्रमाणे विधिवत मिळालेली गुरुदीक्षा कधीच रद्द होत नाही. जातो तो धर्मसेवकाचा दर्जा. तो मुळात दीक्षाच अवैध ठरल्याने, शिक्षेने किंवा रोमच्या, म्हणजे पोपच्या पीठाच्या, आदेशपत्राने जातो. ब्रह्मचर्यातून सूट ही निराळी बाब असून ती फक्त पोप देतात (कलम २९१). दीक्षेचा ठसा अमिट असतो, हे कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये ठामपणे मांडले होते. त्यामुळेच कलम ९७६ मध्ये एक विलक्षण मोकळीक आहे. इस्पितळात कुणी शेवटच्या घटका मोजत असेल आणि वीस वर्षांपूर्वी झगा उतरवलेला माणूस शेजारी असेल, तर त्याने पापनिवेदन ऐकून दिलेली क्षमा पूर्ण वैध असते. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार मात्र त्याला उरत नाही.

१४ ऑक्टोबर १९८०च्या रोमच्या नियमावलीशी जोडलेल्या आदेशपत्रात आणखी एक अट येते : जिथे पूर्वीचे पद लोकांना माहीत आहे, तिथे त्याने शक्यतो राहू नये. बिशप ती शिथिल करू शकतात. अट कठोर आहे. तिच्यामुळे एकाच माणसाची आठवण दोन गावांत वाटली जाते. जुने धर्मग्राम (एका चर्चभोवतीचा भाविकसमाज) त्याला ‘फादर’ म्हणून आठवते, नवे गाव ‘सर’ म्हणून. त्यातही एखादा जुना ओळखीचा येतो, ‘फादर’ अशी हाक मारतो आणि मग सगळेच तसे म्हणू लागतात.

पार्थिव ठेवण्याची दिशा हा वादाचा मुद्दा आहे. १६१४च्या रोमन विधिग्रंथाप्रमाणे प्रापंचिकाचे पाय वेदीकडे, तर धर्मगुरूचे डोके वेदीकडे असते. लोकांकडे तोंड करून उभा राहणारा मरणानंतरही तसाच. ही रीत प्राचीन असल्याचे सांगतात. पण मध्ययुगात सर्वांचेच पाय सामान्यतः पूर्वेकडे ठेवीत आणि भेदाचा पहिला उल्लेख बहुधा पंधराव्या शतकाच्या अखेरीस, पोपचे विधिप्रमुख योहान बुर्खार्ड यांच्या रोजनिशीत येतो. तेव्हा ती उत्तरमध्ययुगीन मानणे अधिक सयुक्तिक ठरते. १९६९च्या सुधारित अंत्यविधीत मृत व्यक्ती उपासनेत जिथे असे, त्यानुसार पार्थिव ठेवण्याची प्रथा मान्य झाली. माजी धर्मगुरू अखेरची वर्षे इतरांबरोबर बाकावर बसलेला असतो. म्हणून पाय वेदीकडे हेच उचित दिसते.

स्मरणाचे दिवसही सर्वत्र सारखे नव्हते. सम्राट थिओडोसियस यांच्यावरील ३९५ मधील भाषणात मिलानचे बिशप अँब्रोझ सांगतात, की काही जण तिसरा व तिसावा दिवस पाळतात, काही सातवा व चाळिसावा. मृत्यूनंतर महिन्याने होणारी मिस्सा त्या तिसाव्या दिवसाची वारस होय. २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिवस क्लूनीचे मठाधिपती ओडिलो यांनी सुरू केला. त्याचे वर्ष बहुधा ९९८ धरतात, काही अभ्यासक ते १०३०च्या आसपास नेतात.

सोलापूर पुणे धर्मप्रांतात (स्थापना १८८६) मोडते. शहरातील ख्रिस्ती जीवनावर अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे प्रॉटेस्टंट, ठसा जास्त; कॅथलिक समाज लहान. वस्त्यांत काम केलेल्या माणसाच्या अंत्यविधीला त्यामुळे कॅथलिकांपेक्षा इतरच अधिक जमतात. विड्या वळणाऱ्या तेलुगू बायका, यंत्रमागावरचे कामगार, कन्नड आणि उर्दू बोलणारे शेजारी. कधी उठायचे, कधी गुडघे टेकायचे, हे पुढच्या बाकाकडे पाहून शिकत ते शेवटपर्यंत थांबतात. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांना आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये रुग्णसेवा करताना वारलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना आपले मानणाऱ्या या शहराला पुण्यतिथी ही ओळखीची गोष्ट. म्हणून तसबिरीला झेंडूचा हार पडतो आणि मेणबत्तीशेजारी उदबत्ती लागते. दोन्हींचा अर्थ एक नव्हे. मिस्सेतील प्रार्थना मृतासाठी असते, पुण्यतिथीचा नमस्कार मृताला असतो. पण हार घालणारा हात क्षणभर थांबून क्रूसाची खूणही करतो, तेव्हा दोन्ही एकाच माणसासाठी झालेले असतात.

धर्मगुरूंच्या कबरीवर जन्म व मृत्यूबरोबर गुरुदीक्षेची तारीखही कोरतात. माजी धर्मगुरूच्या कबरीवर ती असावी का, याबद्दल कुटुंबीय कचरतात. दीक्षा पुसली जात नाही हे कलम २९० पाहता ती तारीख कोरण्यास आडकाठी दिसत नाही.