मखाना-मत्स्य सहशेती

मखाना-मत्स्य सहशेती : एकाच तळ्यात किंवा पाणथळीत मखान्याचे पीक आणि मासे घेण्याची पद्धत. बिहारच्या मिथिला भागात, विशेषतः दरभंगा, मधुबनी, सहरसा आणि सुपौल जिल्ह्यांत, ती पूर्वापार चालत आली आहे. ‘पग-पग पोखरि, माछ, मखान’ (पावलोपावली तळी, मासे आणि मखाने) अशी मिथिलेची ओळख तिथली लोकोक्ती सांगते. कोजागरीला आपल्याकडे दूध आटवतात. तिथे त्या रात्री मखाने आणि विडे वाटतात.

मखाना (युरियाले फेरॉक्स) ही कुमुदिनीच्या कुळातील काटेरी पाणवनस्पती. तिच्या वाटाण्याएवढ्या काळ्या बियांना ‘गुरी’ म्हणतात. त्या भाजून, काही दिवस मुरवून, पुन्हा भाजून गरम असतानाच लाकडी थापीने फोडल्या की उपवासाला चालणाऱ्या पांढऱ्या लाह्या होतात. भारतातील बहुतांश मखाना बिहारमध्येच होतो. कोसी, कमला, बागमती या नद्यांनी वारंवार पात्रे बदलल्यामुळे उत्तर बिहारात सखल, पाणी साचून राहणारे ‘चौर’ आणि नदीने सोडून दिलेली, घोड्याच्या नालेच्या आकाराची ‘मन’ तळी पसरली आहेत. पावसाळ्यात भाताचा तिथे टिकाव लागत नाही. मखाना आणि मासे मात्र त्याच पाण्यावर जगतात.

तळ्यातल्या पद्धतीत पाणी साधारण चार ते सहा फूट असते. मागच्या हंगामात गाळात राहून गेलेल्या बियाच हिवाळ्यात रुजतात. वसंतात पाने पाण्यावर पसरू लागतात. पूर्ण वाढलेले पान मीटरभराहून रुंद होते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून फळे फुटतात, बिया थोडा वेळ तरंगून तळाशी बसतात आणि पुढे काही महिने गाळातून गोळा केल्या जातात.

या जोडीची खरी अडचण त्या पानांत आहे. पाने एकमेकांना भिडली की ऊन पाण्यात उतरत नाही, सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत आणि विरघळलेला प्राणवायू घटतो. काढणीनंतर पाने-देठ कुजू लागले की तो आणखी कमी होतो. म्हणून जुन्या तळ्यांत आपोआप टिकले ते हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे : मागूर, सिंघी, कवई आणि मरळीच्या जातकुळीतला गरई. रोहू, कटला, मृगळ यांना असे पाणी सोसत नाही. त्यांच्यासाठी रोपांची विरळणी करतात आणि तळ्याचा साधारण दहावा हिस्सा पानांपासून मोकळा ठेवण्याची शिफारस आहे. मासे तिथे श्वासाला येतात, आणि जाळेही तिथेच टाकता येते; काटेरी पानांतून ते ओढणे अशक्यच. गवत्या मासा (ग्रास कार्प) अशा तळ्यात सोडू नये, तो कोवळी रोपेच फस्त करतो. मासे असल्याने पानांवरील माव्यासाठी जहाल कीटकनाशके फवारण्यावरही बंधन येते. हा तोटा म्हणायचा की फायदा, हे तळे कोणाचे आहे यावर ठरते.

मखाना काढणे आणि मासेमारी ही दोन्ही कामे परंपरेने मल्लाह (साहनी) या नावाडी-मच्छीमार समाजाची. बिया काढणारा माणूस श्वास रोखून बुडी मारतो, हाताने गाळ चाचपत बियांचे ढीग करतो आणि ‘गांज’ नावाच्या बांबूच्या चाळणीवजा टोपलीत ते वर आणतो. काट्यांनी अंग सोलवटते, साचल्या पाण्याने त्वचेचे विकार होतात. बाजारात लाह्यांचा भाव चढा असला तरी या कष्टाची मजुरी त्या मानाने तुटपुंजीच राहिली आहे. तळी बहुधा ठेक्याने घेतलेली. ठेका आखूड असेल तर माशांसाठी जागा राखण्याचा खर्च कोणी करत नाही.

विदर्भात याला समांतर उदाहरण आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी (जुन्या जमीनदारी काळातील) तलावांत ढीवर समाज मासेमारीबरोबर शिंगाड्याची शेती करतो. शिंगाड्याची फळे पाण्यावर पसरलेल्या वेलांनाच लागतात, त्यामुळे काढणीसाठी तळ गाठावा लागत नाही.

दरभंग्यात 2002 मध्ये मखाना संशोधन केंद्र सुरू झाले. ‘स्वर्ण वैदेही’ हे वाण पुढे आले, 2022 मध्ये ‘मिथिला मखाना’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मखाना मंडळाची घोषणा झाली. याच काळात लागवड तळ्यांतून शेतांकडे सरकली. पूर्णिया, कटिहार भागांत बांध घातलेल्या शेतात फूटभर पाण्यात रोपे लावतात. बुडी मारावी लागत नाही, उत्पादन जास्त मिळते आणि मखान्यानंतर त्याच जमिनीत दुसरे पीकही घेता येते. पण फूटभर पाण्यात रोहू-कटला वाढत नाहीत, त्यामुळे मखान्याचे क्षेत्र वाढले म्हणून सहशेती वाढली असे होत नाही.