मॅकार्थी आणि ‘ह्यूअ‍ॅक’: हॉलिवूडच्या दहा जणांना तुरुंगात कुणी घातलं?

हॉलिवूडच्या काळ्या यादीवर (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम नाकारलं गेलं त्यांच्या यादीवर) मराठीत काहीही छापून आलं की त्यात एक वाक्य हमखास असतं: सिनेटर मॅकार्थींच्या समितीने लेखक-दिग्दर्शकांना चौकशीला बोलावलं आणि त्यातल्या दहा जणांना तुरुंगात धाडलं. सोबत चित्रपट कलाकार हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून घोळक्याच्या पुढे चालताहेत, असा फोटो. खाली ओळ, ‘मॅकार्थींच्या निषेधार्थ’.

फोटो ऑक्टोबर १९४७चा आहे. तेव्हा जोसेफ मॅकार्थी विस्कॉन्सिनमधून नुकतेच निवडून आलेले, कुणाच्या खिजगणतीत नसलेले सिनेटर होते. त्या वर्षी त्यांची खटपट चालली होती ती साखरेचं रेशनिंग उठवण्यासाठी. बोगार्ट निघाले होते ते वेगळ्याच समितीचा निषेध करायला: प्रतिनिधिगृहाची ‘हाउस कमिटी ऑन अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज’, बोलीत ‘ह्यूअ‍ॅक’.

मॅकार्थींची कथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती झटपट उरकू. ९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग गावातलं भाषण: परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट शिरलेत, असा आरोप. त्यांचा आकडा आधी २०५, मग ५७, सिनेटमध्ये बोलताना ८१. जानेवारी १९५३मध्ये समितीचं अध्यक्षपद. १९५४च्या उन्हाळ्यात लष्कराशी झालेली आणि टीव्हीवर दिसलेली जुगलबंदी. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी केलेला निषेध, आणि मे १९५७मध्ये मृत्यू. म्हणजे हातात समन्स काढण्याचा अधिकार असलेला काळ जेमतेम दोन वर्षांचा.

ह्यूअ‍ॅकचा पसारा याहून कितीतरी लांब. टेक्सासच्या मार्टिन डाइस यांच्या अध्यक्षतेखाली ती १९३८मध्ये तात्पुरती म्हणून निघाली, १९४५मध्ये कायमची झाली, १९६९मध्ये नाव बदलून चालू राहिली आणि १९७५मध्ये गुंडाळली गेली. मॅकार्थी पडले म्हणून तिचं काही अडलं नाही. गायक पीट सीगर तिच्यासमोर उभे राहिले ते १९५५मध्ये. नाटककार आर्थर मिलर आणि गायक-नट पॉल रोबसन १९५६मध्ये. या तिघांना ‘मॅकार्थींचे बळी’ म्हणणाऱ्यांनी एकदा तारखा तरी पाहाव्यात.

एक समिती प्रतिनिधिगृहाची, दुसरी सिनेटची, हा फरक परीक्षेत एका मार्काचा. आपल्याकडे अनेक संसदीय समित्यांत लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींकडचे खासदार एकत्र बसतात, त्यामुळे सिनेटर प्रतिनिधिगृहाच्या समितीत बसला तर बिघडलं काय, असं आपल्याला वाटू शकतं. अमेरिकेत या समित्या वेगळ्या असतात आणि सिनेटरला ह्यूअ‍ॅकचं सदस्य होताच येत नाही. रिचर्ड निक्सन मात्र तिचे सदस्य होते, कारण तेव्हा ते प्रतिनिधिगृहात होते. परराष्ट्र खात्यातले माजी अधिकारी अल्जर हिस यांच्यावरच्या सोव्हिएत हेरगिरीच्या आरोपाचं प्रकरण त्यांनी लावून धरलं ते तिथूनच, १९४८मध्ये.

खरी ठेच लागते ती कार्यकक्षेपाशी. कोणत्या समितीला कागदोपत्री कशाची चौकशी करायची मुभा होती, हे पाहिल्याशिवाय कोण कुणासमोर का उभा होता ते कळत नाही.

ह्यूअ‍ॅकच्या ठरावातला कळीचा शब्द ‘प्रचार’ आहे: अमेरिकेतल्या ‘अन-अमेरिकन’ प्रचाराचा विस्तार, स्वरूप आणि उद्देश तपासणे. मराठीत याचं ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ करतात, आणि मग वाचणाऱ्याला हेरगिरी-घातपाताचा वास येतो. ‘अन-अमेरिकन’ म्हणजे अमेरिकनपणाला न शोभणारं. व्याख्या कुठेच नाही. त्यामुळे पटकथालेखक, शिक्षक, गायक, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, कुणालाही बोलावता येई. सरकारी पगार घेत असण्याची अट नव्हती.

मॅकार्थींकडे होती ती सिनेटच्या ‘गव्हर्न्मेंट ऑपरेशन्स’ समितीची चौकशी उपसमिती. सरकारी खात्यांचा कारभार आणि खर्च पाहणं हे तिचं काम, थोडक्यात हिशेबतपासनीसाचं. सिनेटकडे अंतर्गत सुरक्षेसाठी स्वतंत्र उपसमिती होतीच. पण रिपब्लिकन नेते रॉबर्ट टाफ्ट यांनी ती सिनेटर विल्यम जेनर यांच्याकडे जाऊ दिली. या रूक्ष समितीत मॅकार्थी कुणाला त्रास देऊ शकणार नाहीत, असा त्यांचा होरा होता. तो सपशेल चुकला, पण मॅकार्थींची शिकार कुठे चालली ते या कार्यकक्षेवरून बरोबर कळतं: परराष्ट्र खातं, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ हा सरकारी रेडिओ, लष्कराचं फोर्ट मॉनमथ इथलं केंद्र. सगळी सरकारी खाती.

इथे कुणीतरी लँग्स्टन ह्यूज आणि डॅशिएल हॅमेट यांची नावं पुढे करतो. ते तर लेखक, आणि मार्च १९५३मध्ये मॅकार्थींसमोरच उभे होते! बरोबर. पण बोलावलं कोणत्या वाटेने? परराष्ट्र खात्याच्या परदेशांतल्या वाचनालयांत त्यांची पुस्तकं होती. पुस्तकं सरकारी पैशाने घेतलेली, म्हणून प्रश्न सरकारी खर्चाचा. एवढा द्राविडी प्राणायाम ह्यूअ‍ॅकला कधी करावा लागला नाही.

हा नुसता कागदी कीस नाही. तुरुंगाचं दार याच फरकावर उघडत किंवा बंद होत होतं. दोन्ही समित्यांना स्वतःहून कुणाला शिक्षा करता येत नसे. साक्षीदाराने उत्तर नाकारलं की समितीने ठराव करायचा, तो पूर्ण सभागृहाने मंजूर करायचा, मग सरकारी वकिलाने खटला भरायचा. गुन्हा काँग्रेसच्या अवमानाचा (‘न्यायालयाचा अवमान’ असं लिहिणाऱ्यांना दंडवत), शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष आणि हजार डॉलर दंड. कम्युनिस्ट असणं हा इथे गुन्हाच नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं हा होता. आणि प्रश्न विचारायचा अधिकार समितीला होता का, हे न्यायालयात सिद्ध करावं लागे.

मॅकार्थी इथेच आपटले. बोस्टनमध्ये, त्यांच्या उपसमितीसमोर उत्तरं नाकारलेल्या लिऑन कॅमिन यांच्यावरचा अवमानाचा खटला जानेवारी १९५६मध्ये न्यायाधीश बेली ऑल्ड्रिच यांच्यासमोर पडला, कारण प्रश्न खासगी संरक्षण कारखान्यांतल्या माणसांबद्दल होते आणि उपसमितीची कक्षा सरकारी कारभारापुरती होती. लेखक कॉर्लिस लॅमाँट यांच्यावरचं तसंच आरोपपत्र त्याच वर्षी अपिलातही टिकलं नाही. अशा चौकशीचा अधिकार उपसमितीला कुणी दिला, तेच त्यात दाखवलेलं नव्हतं.

उलट ह्यूअ‍ॅकचं ते भोंगळ अधिकारपत्र तिची ढाल ठरलं. १९५७च्या वॉटकिन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या भोंगळपणावर कोरडे ओढले, प्रश्नाचा विषयाशी संबंध काय ते साक्षीदाराला सांगा, असं बजावलं. पण १९५९मध्ये बॅरेनब्लॅट प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी समितीची बाजू उचलून धरली. लॉइड बॅरेनब्लॅट या प्राध्यापकाला सहा महिने आत जावं लागलं.

हॉलिवूडच्या दहा जणांचंही असंच झालं. ऑक्टोबर १९४७मध्ये जे. पार्नेल थॉमस अध्यक्ष असताना त्यांनी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आधार घेतला. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने ३४६ विरुद्ध १७ मतांनी अवमानाचा ठराव केला. सर्वोच्च न्यायालय आपल्या बाजूने येईल असा त्यांचा हिशेब होता. पण १९४९च्या उन्हाळ्यात मर्फी आणि रटलेज हे दोन उदारमतवादी न्यायमूर्ती वारले आणि एप्रिल १९५०मध्ये न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला. आठ जणांना वर्षभराची, दोघांना सहा महिन्यांची शिक्षा. सुनावणी १९४७ची पण तुरुंगवास १९५०चा, आणि मॅकार्थी गाजायला लागले तेही १९५०मध्येच. घोळाचं मूळ बहुधा हेच. त्याच मार्चमध्ये व्यंगचित्रकार हर्ब्लॉक यांनी ‘मॅकार्थिझम’ हा शब्द काढला आणि त्याने मागची तीन वर्षंही गिळून टाकली.

त्या दहा जणांची गत पाहून पुढचे साक्षीदार पाचव्या दुरुस्तीकडे वळले: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको. तुरुंग टळे, नोकरी जाई, कारण काळी यादी स्टुडिओंची होती, तिला न्यायालय लागत नव्हतं. ‘माझ्याबद्दल सांगतो, मित्रांची नावं सांगणार नाही’ हा मधला मार्ग १९५१च्या रॉजर्स निकालाने बंद झाला होता. स्वतःच्या सभासदत्वाबद्दल एकदा उत्तर दिलं की त्या विषयातली ढाल गेली. मग नावं द्या, नाहीतर अवमान. दिग्दर्शक इलिया कझान यांनी १९५२मध्ये नावं दिली, तीही ह्यूअ‍ॅकलाच.

राहिले इतर नेहमीचे गोंधळ. चार्ली चॅप्लिन यांचा परतीचा परवाना सप्टेंबर १९५२मध्ये रद्द केला तो अ‍ॅटर्नी जनरलने. अणुबॉम्बची गुपितं सोव्हिएतांना दिल्याच्या आरोपावरून रोझेनबर्ग दांपत्यावर चाललेला खटला न्याय खात्याचा. सरकारी नोकरांची निष्ठा तपासणी मार्च १९४७मध्ये सुरू केली डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रुमन यांनी. आणि पार्नेल थॉमस? कर्मचाऱ्यांच्या पगारातून पैसे उकळल्याबद्दल त्यांनाही शिक्षा झाली, आणि त्यांची रवानगी झाली ती डॅनबरीच्या तुरुंगात. दहा जणांपैकी रिंग लार्डनर ज्युनियर आणि लेस्टर कोल हेही तिथेच शिक्षा भोगत होते.