मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागतो का?

रावेर-यावलकडे केळीचा मळा कुणाच्या नावावर करायचा हा विषय निघाला, की पारावरचं कुणीतरी ठासून सांगतं: स्टॅम्पपेपर नाही, नोंदणी नाही, तर मृत्युपत्र म्हणजे रद्दी. या समजुतीपायी कित्येक म्हातारी माणसं कागद लिहायचंच टाळतात, आणि मागे भावाभावांत दावे लागतात. खरं तर मृत्युपत्र साध्या कोऱ्या कागदावर चालतं. मुद्रांक शुल्क लागत नाही. १९०८च्या नोंदणी कायद्याने नोंदणी ऐच्छिक ठेवली आहे.

लागतात ते दोन साक्षीदार. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ सांगतं: लिहून देणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहावी, किंवा 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकावं, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही करावी. खरी मेख इथे आहे. बरेच जण घरी सही करून कागद नंतर शेजाऱ्याकडे पाठवतात. तिथेच तो कच्चा पडतो. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण घ्या, कारण वाद झाला तर किमान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. ज्याला मिळकत मिळणार, त्याची साक्ष नको.

नोंदणी केलीत तर उत्तमच, पुरावा बळकट होतो. पण नंतरचं साधं मृत्युपत्रही आधीचं नोंदवलेलं रद्द करू शकतं. मुस्लिम कुटुंबांना मात्र वेगळे नियम लागू होतात.