चेनकव्हर (साखळी-आवरण)

चेनकव्हर : मोटारसायकलच्या इंजिनाकडून मागच्या चाकाकडे शक्ती नेणारी चेन किंवा दातेरी पट्टा झाकणारे पत्र्याचे अथवा प्लॅस्टिकचे आवरण. ते चेनपासून माणसाला वाचवते, आणि चिखल-धुळीपासून चेनला. पहिले काम अर्थातच मोठे. पण विदर्भाच्या काळ्या मातीत दुसरे काम फसले की पहिलेही बुडते. चिखलाने भरलेले, चाक अडवणारे कव्हर शेतकरी जुलैत काढून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकतो आणि पोळा होऊन गेला तरी ते परत बसत नाही. म्हणून काढावे लागणार नाही असेच चेनकव्हर बनवणे हा या कामाचा पाया आहे.

धोका कुठे असतो

१०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांची चेन डाव्या बाजूला असते, आणि लुगडे किंवा साडी नेसलेल्या बाया एका बाजूने बसतात तीही डावीकडेच. गाडी पुढे जाताना चेनचा वरचा पदर मागून पुढे जातो, खालचा पुढून मागे. त्यामुळे चेन दात्यांत शिरते अशा दोनच जागा उरतात : पुढच्या लहान स्प्रॉकेटची (दातेरी चक्राची) वरची बाजू आणि मागच्या मोठ्या स्प्रॉकेटची खालची बाजू. कापड किंवा बोट खेचले जाते ते इथेच. मागच्या स्प्रॉकेटच्या माथ्यावर चेन दात्यांतून बाहेर पडत असते. लोक हीच दिसणारी जागा झाकतात आणि खालची मोकळी सोडतात. चाक हाताने उलटे फिरवले तर मात्र हे चित्र पालटते : चेन माथ्यावरच आत शिरते आणि तिथे बोट सापडते.

साडीचा पदर वरच्या चेनवर पडला तर तो तिथे थांबत नाही, चेन त्याला पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत वाहून नेते. इंजिनाचे झाकण आणि चेनकव्हर यांच्यामध्ये राहिलेली फट म्हणूनच सर्वांत घातक असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा बाया-पुरुष तोंडाला दुपट्टा, स्कार्फ नाहीतर शेला गुंडाळतात. त्याचे मोकळे टोक चाकात किंवा चेनमध्ये गेले तर फास गळ्याला बसतो. अशा अपघातात श्वासनलिका आणि मानेचा मणका यांना इजा होते, जीवही जातो. लहान मुलांची टाच मात्र बहुधा चेनपेक्षा आऱ्यांत अडकते. ते काम साडीगार्डचे, आणि चेनकव्हर हा त्याला पर्याय नाही.

वेगाचा हिशेब सोपा आहे. मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर, मागचे स्प्रॉकेट ४४ दात्यांचे आणि चेनची पिच, म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतर, १२.७ मि.मी. धरले, तर ताशी ६० कि.मी. वेगाला चेन सेकंदाला सुमारे ४.९ मीटर धावते. बोटे तुटण्याचे अपघात मात्र या वेगात क्वचितच होतात. ते होतात घरासमोर : गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर, एका हातात फडके आणि चेन पुसणे चालू. तेव्हा चेन सेकंदाला पाव मीटरच्या आसपासच सरकत असते आणि निरुपद्रवी वाटते. पण फडके खालच्या चेनवर, मागच्या दात्यांपासून पाच सेंटीमीटरवर अडकले तर ते अंतर संपायला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. हात मागे घ्यायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. चेन पुसायची आणि तेल द्यायचे ते इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक हाताने फिरवतच. फिरवणारा हात आणि पुसणारा हात एकाच माणसाचे असावेत.

बोट अडकलेच तर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रल करावी आणि चाक ज्या दिशेने फिरत होते त्याच्या उलट अगदी सावकाश फिरवावे, किंवा चेनचे लॉक (जोडाची कडी) उघडावे. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून जखमीसोबत न्यावी. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये.

नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्म्यापेक्षा कमी नाही इतके झाकणारे संरक्षक साधन असावे लागते. शर्यतीच्या गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाचा (एफआयएम) नियम आणखी नेमका आहे : खालची चेन आणि मागचे स्प्रॉकेट यांच्यामध्ये काही अडकू नये असा गार्ड तिथे सक्तीचा आहे. पांदण रस्त्यावरच्या गाडीलाही तोच तुकडा सर्वांत उपयोगी पडतो.

माती, तंतू आणि खारे पाणी

पश्चिम विदर्भातील काळी माती पाणी शोषून फुगते आणि चिकटते. पांदणीत ती टायरवरून मडगार्डमध्ये, तिथून चेनकव्हरमध्ये जाते. पूर्ण बंद डब्यासारख्या कव्हरात एकदा शिरली की बाहेर पडत नाही, सुकून विटेसारखी होते आणि चेन तिच्यावर घासत राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीतले तंतू, सोयाबीन काढणीत कुटाराची धूळ, आणि त्यावर कुणी जळके ऑईल ओतले असेल तर कव्हरात काळा लेप तयार होतो. हा लेप घासकाम करतो, वंगण देत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्याने गाडी धुतली की मीठ पत्र्याच्या दुमडीत आणि जोडात राहते, आणि कव्हर बाहेरून चकचकीत असताना आतून गंजते. अशा गावांत पत्र्याच्या जोडात रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत, किंवा सरळ प्लॅस्टिकचे कव्हर घ्यावे.

मापे

१०० ते १२५ सीसीच्या गाड्यांवर बहुधा ४२८ क्रमांकाची चेन असते. दाते आणि पिच माहीत असले की स्प्रॉकेटचा व्यास कागदावर निघतो : पिच भागिले (१८० अंश भागिले दात्यांची संख्या) या कोनाची ज्या (साइन). ४४ दात्यांना तो १७८ मि.मी. येतो, १४ दात्यांना ५७ मि.मी. त्यात चेनच्या पट्टीची उंची, सुमारे १२ मि.मी., मिळवली की मागच्या बाजूला चेन १९० मि.मी. व्यासाची जागा व्यापते हे कळते. कव्हरची मागची कमान यापेक्षा सगळीकडून किमान १५ मि.मी. मोठी हवी.

पण ही कमान गोल काढून चालत नाही. चेन १.५ मीटर लांब धरली आणि ती झिजून दोन टक्के वाढली, तर लांबी ३० मि.मी.ने वाढते आणि ताण राखण्यासाठी एक्सल त्याच्या निम्मे, १५ मि.मी., मागे सरकतो. कमानीचा मागचा भाग तेवढा लांबट ठेवावा आणि बोल्टची भोके २० मि.मी. लांब खाचांची करावीत. असे केले नाही तर नवीन चेनवर नीट बसलेले कव्हर सहा-आठ महिन्यांत खटखट वाजू लागते, आणि ते 'बसत नाही' म्हणून काढले जाते.

वरच्या चेनवर मोकळीक किती ठेवायची इथे सर्वाधिक चुका होतात. इंजिन ओढत असताना वरचा पदर ताठ असतो, म्हणून १० मि.मी. पुरेसे वाटते. रेस सोडली की चाक इंजिनाला ओढते, खालचा पदर ताठ होतो आणि वरचा उसळतो. अशा गाड्यांची योग्य ढील साधारण २० ते ३० मि.मी. असते (नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो). हलगर्जीपणाने ती ५० पर्यंत जाते. म्हणून मध्यभागी वरच्या चेनवर २५ मि.मी. आणि बाजूने पिनच्या टोकापासून १० मि.मी. जागा सोडावी. चेनच्या लॉकची क्लिप बाजूला उठून दिसते, बाजूचे अंतर तिच्यापासून मोजावे. क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावे. उलटी बसवलेली क्लिप कव्हरला घासून निघते आणि चेन सुटते.

भोके आणि फटी यांसाठी यंत्रसुरक्षेच्या आयएसओ १३८५७ या मानकातली अंतरे वापरता येतात. बोट जाऊ नये अशा लांबट फटीची रुंदी ६ मि.मी.पर्यंत असेल तर धोक्याची जागा तिच्यापासून १० मि.मी.वर चालते. फट ८ ते १० मि.मी. झाली की हेच अंतर ८० मि.मी. होते आणि १० ते १२ मि.मी.ला १०० मि.मी. अडचण अशी, की ६ मि.मी.ची फट काळ्या मातीत पहिल्याच पावसात बुजते. निचऱ्यासाठी भोके पाडण्याचा मार्ग म्हणूनच इथे उपयोगाचा नाही.

त्यापेक्षा पुढील रचना टिकते. वरचा भाग उलट्या पन्हळीसारखा, दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद. खालच्या भागाला बाहेरची बाजू आहे, तळ नाही. बाहेरचा पत्रा खालच्या चेनच्या रेषेखाली ३० मि.मी. उतरतो, म्हणजे ढिली चेनही त्याच्या आड राहते आणि चिखल वजनाने खाली गळतो. खालची चेन आणि मागचे स्प्रॉकेट यांच्यामध्ये जी पाचरीसारखी जागा उरते तिथे ३ मि.मी. जाडीच्या कडक प्लॅस्टिकचा त्रिकोणी तुकडा चिमट्याला (स्विंगआर्मला) लांब खाचेतून बोल्टने बसवावा. खालून हात गेला तरी बोट दात्यांपर्यंत पोचत नाही ते या तुकड्यामुळे. पुढच्या टोकाला कव्हर इंजिनाच्या झाकणावर १५ मि.मी. चढलेले हवे. मागचे चाक उसळताना चिमटा वर-खाली होतो, त्यामुळे इथे पत्रा पत्र्याला न जोडता रबराची पट्टी द्यावी.

पत्रा आणि घडण

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मि.मी.चा, सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा सहज मिळतो आणि या कामाला तोच योग्य. २२ गेज थरथरतो आणि बोल्टजवळ चिरतो. ६०० मि.मी. लांब आणि उलगडून १४० मि.मी. रुंद अशा वरच्या भागाचे वजन १ मि.मी. पत्र्यात सुमारे ६६० ग्रॅम भरते. तोच १.५ मि.मी. ॲल्युमिनियममध्ये ३४० ग्रॅम होतो, पण ॲल्युमिनियम गावात वेल्ड होत नाही. जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा वापरू नये : पातळ असतो आणि वाकला की थेट चेनवर टेकतो.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीवर लावून पाहावा, मगच पत्रा कापावा. प्रत्येक मोकळी कड आतल्या बाजूला ८ मि.मी. दुमडावी किंवा तिच्यात ३ मि.मी.ची तार घालून गोल करावी. न दुमडलेली कड कापड पकडते आणि पोटरी कापते. बोल्ट ६ मि.मी.चे, डोके आतल्या बाजूला आणि नट बाहेर, नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असल्याने सहज ढिले न होणारे). नट आत असेल तर ढिला होऊन तो चेनमध्ये पडतो. कव्हर चिमट्यालाच बसवावे, चॅसिसला कधीच नाही, कारण चेन चिमट्यासोबत हलते. पत्रा आणि चिमटा यांच्यामध्ये रबरी वॉशर घातल्याने भेगा टळतात.

वरच्या भागाच्या मध्यावर ३० मि.मी.चे भोक आणि त्याला रबरी बूच ठेवावे. ढील याच भोकातून मोजता येते आणि ९० नंबरचे (गिअरचे) तेल इथूनच देता येते. हे बूच हरवते, म्हणून साखळीने किंवा तारेने बांधून ठेवावे. तेल देण्यासाठी कव्हर उघडावे लागले तर कव्हरही टिकत नाही आणि चेनला तेलही मिळत नाही.

बसवल्यावर तपासणी

इंजिन बंद ठेवून चेनचे तीन पूर्ण फेरे हाताने फिरवावेत. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एका जागी ताठ असते, तिथे आवाज येतो का ऐकावे. मग दोन माणसे बसवून गाडी दाबावी आणि पुन्हा पाहावे. बोटाच्या जागी १२ मि.मी. जाडीचा, ८० मि.मी. लांब लाकडी दांडका घेऊन प्रत्येक फटीत घालावा. तो चेनला किंवा दात्यांना टेकला तर ती फट नापास. शेवटी काठीला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून कव्हरच्या सर्व कडांवरून फिरवावी आणि दुसऱ्याने चाक हाताने फिरवावे. पट्टी जिथे आत ओढली जाते तिथेच साडीचा पदरही जाईल. पावसाळ्यात दर आठवड्याला खालून काडीने माती पाडावी.

पट्ट्याची गाडी

काही इलेक्ट्रिक स्कूटरांना आणि भारतात विकल्या गेलेल्या हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ७५० ला चेनऐवजी दातेरी पट्टा असतो. पट्ट्याला तेल चालत नाही. त्याचा मोठा शत्रू खडा : पट्टा आणि पुली यांच्यामध्ये सापडलेला खडा पट्ट्याच्या आतल्या दोऱ्या तोडतो आणि पट्टा काही दिवसांनी अचानक तुटतो. म्हणून पट्ट्याचा गार्ड चेनच्या उलट, खालून अधिक झाकलेला हवा. मुरमाच्या रस्त्यावर चालणाऱ्या स्कूटरचा खालचा गार्ड फुटला तर तो लगेच बदलावा.

शेतीची यंत्रे

मोटारसायकलचे इंजिन, गिअर आणि चेन वापरून डवरणी व फवारणीची यंत्रे बनवली जातात. गुजरातेतील अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगाणी यांची 'बुलेट सांती' (मोटारसायकलवर चालणारे औत) हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. अशा यंत्रांत चेन बहुधा उघडी राहते आणि माणूस तिच्या शेजारून चालतो, धोतराचा सोगा किंवा लुंगी तिच्यापासून हातभर अंतरावर असते. पहिल्या गिअरमध्ये वेग कमी असला तरी ओढ सर्वांत जास्त असते. कापड अडकले तर इंजिन बंद पडत नाही, माणूस ओढला जातो. इथे वर दिलेली सर्व मापे लागू पडतात, फक्त बाहेरच्या बाजूचा पत्रा १८ गेजचा घ्यावा, कारण धुऱ्यावरच्या दगडांचा मार त्याला रोज बसतो. इंजिन बंद करण्याचे बटण चालणाऱ्याच्या अंगठ्याखाली, मुठीवरच असावे.