पार्श्वभूमी : दिव्यांग मुलांचा पीटीचा तास

सोलापूर जिल्ह्यातल्या दिव्यांग शाळांचे खेळ पाहायचे तर ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, आसपास मैदानावर जावे. कर्णबधिर मुलांच्या शर्यतीत शिट्टी उपयोगाची नसते, म्हणून निशाण झपकन खाली येते. अंध मुले धावतात तेव्हा समोरच्या टोकाला शिक्षक टाळ्या वाजवत, नाव घेऊन हाका मारत उभे राहतात आणि मूल त्या आवाजाच्या रोखाने सुसाट येते. विशेष शाळांतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे राबून हे बसवले आहे. पण आज दिव्यांग मुलांपैकी बरीचशी विशेष शाळेत नाहीत, गावातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा शेजारच्या खासगी शाळेत आहेत. त्यांच्यापर्यंत ही विद्या पोचलीच नाही. असे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडे विशेष शाळा आल्या समाजकल्याण खात्याच्या वाट्याला आणि बाकीच्या शाळा शिक्षण खात्याच्या. शालेय क्रीडा स्पर्धा (१४, १७ आणि १९ वर्षांखालील) जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे, तर दिव्यांग शाळांच्या स्पर्धा समाजकल्याणकडे होत्या (२०२२ पासून राज्यात वेगळा दिव्यांग कल्याण विभाग आहे). याद्या वेगळ्या, पंच वेगळे, निधीही वेगळा. विशेष शाळेबाहेरचे दिव्यांग मूल या दोन्हींच्या मध्येच राहिले.

ही मुले सर्वसाधारण वर्गात यावीत म्हणून केंद्राने १९७४ मध्ये अपंग एकात्म शिक्षण योजना आणली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले आणि शिक्षणाच्या बाबतीत प्रवेश, प्रवास, पुस्तके, शिष्यवृत्ती, परीक्षेतल्या सवलती यांवर भर दिला. पुढे सर्व शिक्षा अभियान आले, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. शाळांना रॅम्प झाले, कठडे लागले, गट साधन केंद्रांतून विशेष शिक्षक शाळोशाळी फिरू लागले. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र या सगळ्यात मैदानाचा विचार मागे पडला. रॅम्प वर्गाच्या दारापाशी संपतो. पीटीच्या तासाला चाकाची खुर्ची मुरमात रुतते, मग ते मूल कडेला बसून गुण लिहिते किंवा इतरांच्या चपला-दप्तरे राखते. यात कुणी दुष्टपणा करत नाही. पडेल, लागेल, पालक काय म्हणतील, ही भीती खरी असते, आणि काय खेळवायचे हे शिक्षकाला कुणी शिकवलेले नसते.

दरम्यान मुलेही बदलली. पूर्वी अस्थिव्यंग म्हटले की पोलिओ झालेले मूल डोळ्यांसमोर यायचे. हात भक्कम, जिद्द दांडगी, तीनचाकी सायकलच्या शर्यतीत ते रमायचे. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. आता सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) असलेली मुले अधिक ठळकपणे पुढे येतात. खेळांची जुनी यादी त्यांना पुरत नाही.

कायद्याने मात्र ही उणीव ओळखली. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या ३० व्या कलमात शाळेतल्या खेळात दिव्यांग मुलांना बरोबरीने भाग घेता यावा, असे स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने प्रकार २१ केले आणि कलम १६ मध्ये शाळांवर पहिलीच जबाबदारी टाकली ती भेदभाव न करता प्रवेश देण्याची आणि शिक्षणासोबत खेळाचीही संधी इतरांच्या बरोबरीने देण्याची. वर्षातून एक दिवस शर्यत, पदक आणि खाऊ, एवढ्याने ही बरोबरी होत नाही, असे मला ठामपणे वाटते. बाकीची मुले आठवडाभर सराव करतात. यांचा सराव कोण घेतो?

गुणवत्ता आपल्या मातीत नाही असे कुणी म्हणू नये. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले. आपल्या करमाळा तालुक्यातला सुयश जाधव शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावून बसला, तरी २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकपर्यंत पोचला, आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत पोहण्याच्या ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात त्याने सुवर्ण जिंकले. त्याला पाण्याची गोडी लावली वडिलांनी. ज्याच्या घरात पोहणे नाही, त्याला ती गोडी शाळेनेच लावायला हवी ना?

सुरुवातीला फार काही लागतही नाही. बोचिया हा मुळात तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीचा खेळ पॅरालिम्पिकमध्ये १९८४ पासून आहे. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा चेंडू. आपला चेंडू पांढऱ्याच्या जितका जवळ, तितके चांगले. हाताने फेकता येत नसेल तर पन्हळीसारख्या उतारावरून सोडता येतो. स्पर्धेचे मैदान साडेबारा मीटर बाय सहा मीटर, पण सरावाला शाळेचा व्हरांडा चालतो आणि चिंध्यांचे चेंडूही. दृष्टिहीनांच्या क्रिकेटला हवा तो आत छर्रे असलेला, खुळखुळणारा प्लास्टिकचा चेंडू. फिरत्या विशेष शिक्षकांकडे मुलांची यादी आधीच असते. तीच यादी क्रीडा शिक्षकांच्या हाती गेली, तर येत्या जूनपासूनच्या वेळापत्रकात या मुलांचा सराव बसवता येईल.